खांदेकरी

लहानपणी मला ख्रिस्ती धर्म ठाऊक होता तो मिरजेच्या दवाखान्यापुरता. डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली उभारलेला मिशन दवाखाना म्हणजे आमच्या कुंडल-पलूस भागातल्या माणसाची शेवटची आशा. गावचा वैद्य थकला, तासगावचा डॉक्टर थकला, की 'न्या मिरजंला' म्हणायचे. पण ती मंडळी प्रॉटेस्टंट. त्यांच्यात संतांच्या मूर्ती नाहीत, पालखी नाही, मिरवणूक नाही. त्यामुळं ख्रिस्ती लोकांतही आपल्या दिंडीसारखं काही असतं, झेंडेकरी असतात, मानकरी असतात, गैरहजर राहिलं तर दंड असतो, आणि मान कुणाचा यावरून पिढ्यान्पिढ्या भांडणंही असतात, हे मला विशी ओलांडेपर्यंत कळायचं कारण नव्हतं. ते कळलं आमच्या आबांमुळं.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. तरुणपणी किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात फिटिंगचं काम शिकले. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांना 1910 साली औंधच्या राजानं जी माळाची जागा दिली ती आमच्या शिवेलाच लागून. 'कुंडल रोड' नावाचं स्टेशन पुढं किर्लोस्करवाडी झालं. बेचाळीसनंतर जी. डी. बापू लाडांची तूफान सेना कुंडलात उभी राहिली, तिच्या कवायतीत आबा होते. पुढं आयुष्यभर कुठंही चार माणसं उभी दिसली की ते आधी रांग बघायचे. 'रांग सरळ असली की माणसं सरळ असत्यात' असं त्यांचं मत. ते खरं नाही, हे त्यांनीही आयुष्यात पुष्कळदा पाहिलं. पण मत बदललं नाही.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी आबा मुंबईला गेले आणि माझगावच्या गोदीत लागले. राहायला लालबागला, गावच्या खोलीत. या गावच्या खोल्या म्हणजे सातारा-सांगली-कोल्हापूरच्या माणसानं मुंबईत काढलेली स्वतःची गावकी. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं. एक पाळी कामावर असली की दुसरी झोपलेली. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी. भिंतीवर विठोबाची तसबीर, खुंटीला टाळ, कोपऱ्यात पखवाज. गुरुवारी नाहीतर एकादशीला भजन. दरमहा वर्गणी, आणि त्या वर्गणीतून गावच्या सप्ताहाला, देवळाच्या शिखराला, आणि कुणी मुंबईत मेला तर त्याच्या क्रियाकर्माला पैसे. मेलेल्याची ट्रंक गावाकडं पोचवायची जबाबदारीही खोलीचीच. गिरण्यांचा इतिहास लिहिताना संपाची साल लोक पाठ सांगतात. या खोल्यांचा हिशेब मात्र कुणी फारसा लिहिलेला नाही, आणि वह्या बहुतेक उंदरांनी खाल्ल्या.

गोदीत आबांच्या जोडीला एक गोयंकर सुतार होता. त्याला सगळे 'मेस्त' म्हणत. गोव्यात कारागिराला मेस्त म्हणतात. तो मूळचा साष्टी तालुक्यातल्या एका खेड्याचा. राहायला धोबीतलावला, 'कुडा'त. आबा एकदा त्याच्याबरोबर कुडात गेले आणि परत येऊन खोलीत म्हणाले, "आरं, त्येंची बी आपल्यावानीच खोली हाय की. निस्ता इटूबाच्या जागी मेरीमाय."

मीही नंतर तो कूड पाहिला. मी मुंबईला परीक्षेला गेलो होतो तेव्हा मेस्त मला घेऊन गेला. लांबच लांब दालन, दोन्ही बाजूंनी भिंतीला लावलेल्या ट्रंका, प्रत्येक ट्रंकेसमोर एक चटई. जहाजावर जाणारे खलाशी, आचारी, शिंपी, बँडवाले. जहाज मिळेपर्यंत इथं थांबायचं. समोरच्या भिंतीला त्यांच्या गावच्या संताची वेदी, तिच्यापुढं मेणबत्त्या. संध्याकाळी ठरल्या वेळी सगळ्यांनी गुडघे टेकून तेर्स म्हणायचा. तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना. तिला न आलेल्याला दंड. नियमांची पाटी भिंतीवर लावलेली. कूड एकेका गावाचा. दुसऱ्या गावच्या माणसाला जागा नाही. असे शेकडो कूड धोबीतलाव, माझगाव, डाबूल भागात होते. मेस्त त्या वेळी त्यांच्या कुडाचा अध्यक्ष होता. अध्यक्ष म्हणजे काय, तर वर्गणी गोळा करायची, खलाशाचा पगार त्याच्या बायकोपर्यंत पोचतोय का बघायचं, आणि समुद्रावर कुणी गेला तर त्याची ट्रंक उघडून चार जणांदेखत यादी करायची.

ट्रंकेची ही यादी करण्याची पद्धत फार जुनी आहे, हे मला पुढं वाचताना समजलं, आणि तिथून मी या सगळ्याच्या मुळाशी गेलो.

गोव्यात प्रापंचिक ख्रिस्ती लोकांच्या मंडळाला 'कोंफ्रारिया' म्हणतात. पोर्तुगीज शब्द. अर्थ सरळ: बंधुमंडळ. मंडळातला माणूस तो कोंफ्राद. पाद्री नव्हे, संन्यासी नव्हे. शेती-सुतारकी करणारी, लेकरंबाळं असलेली माणसं. युरोपात अशी मंडळं मध्ययुगापासून गावोगावी होती. पोर्तुगालमध्ये 1498 साली राणी लिओनोर हिच्या आश्रयानं लिस्बनला 'मिझेरिकॉर्दिया' हे मंडळ निघालं. मिझेरिकॉर्दिया म्हणजे दया. त्यांचे नियम चौदा दयाकृत्यांवर बेतलेले: सात आत्म्याची, सात देहाची. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, रोग्याची सेवा, कैद्याची सोडवणूक, वाटसरूला आसरा, आणि मेलेल्याला मूठमाती. पोर्तुगीज जिथं जिथं गेले तिथं तिथं हे मंडळ गेलं. गोवा जिंकल्यावर काही वर्षांतच गोव्यात आलं, पुढं वसईतही आलं. गोव्यात त्यांनी इस्पितळ सांभाळलं, अनाथ मुलींचे आश्रम चालवले, फाशीच्या कैद्याबरोबर शेवटपर्यंत चालत गेले आणि नंतर त्याचं प्रेत पुरलं. आणि आणखी एक काम: पूर्वेकडं मेलेल्या पोर्तुगिजाच्या मालमत्तेची नोंद करून ती सातासमुद्रापलीकडं त्याच्या वारसापर्यंत पोचवायची. धोबीतलावच्या कुडातली ट्रंकेची यादी आणि ही नोंद यांत मला तरी फरक दिसत नाही.

पण ही एक बाजू झाली. दुसरी सांगितली नाही तर इतिहास अर्धा राहील. 1541 साली गोव्यात 'सांता फे', म्हणजे पवित्र श्रद्धा, या नावाचं एक बंधुमंडळ निघालं. त्याचा हेतू धर्मप्रसार. तिसवाडी बेटावरची देवळं पाडली होती. त्या देवळांना लावून दिलेल्या जमिनींचं उत्पन्न या मंडळाच्या कामाकडं आणि त्यांच्या विद्यालयाकडं वळवलं गेलं. ज्या शेताच्या भातावर काल नंदादीप जळत होता त्याच शेतावर आज देशी पोरांना पाद्री करणारी शाळा चालू झाली. म्हणजे दयेची मंडळं आणि जबरदस्तीची मंडळं एकाच गावात, एकाच पेहरावात वावरत होती. आमच्याकडचे काही लोक पहिलीच गोष्ट सांगतात, काही दुसरीच. दोन्ही एकाच वहीत लिहिलेल्या आहेत.

खेड्यात मात्र कोंफ्रारियाचा कारभार वेगळाच झाला. गोव्याचं खेडं म्हणजे गावकारी. जमीन गावाची, गावकार म्हणजे मूळ वसवणाऱ्या कुळांचे वंशज, आणि उत्पन्नातून दरवर्षी गावकार पुरुषाला वाटा मिळायचा, त्याला जोण म्हणतात. पोर्तुगीज आले तेव्हा 1526 साली या गावकारीच्या चालीरीतींची सनदच त्यांनी लिहून काढली. गावातलं देऊळ गावकारांचं, पालखीचा मान गावकारांचा. गाव बाटलं, देवळाच्या जागी चर्च आलं, आणि मान जसाच्या तसा चर्चमध्ये शिरला. गावकारांची कोंफ्रारिया झाली. देवाच्या पालखीऐवजी संताची आंदोर खांद्यावर आली. अब्दागिरीऐवजी पालियो, निशाणाऐवजी ग्वियांव. माणसं तीच, खांदे तेच. रायतूर भागात राहणाऱ्या इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्यांत बांधली आणि 1616 साली 'ख्रिस्तपुराण' छापलं, ते काही हौस म्हणून नव्हे. या माणसांच्या कानाला पुराणच लागत होतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

कोंफ्रारियाचा पेहराव ठरलेला. अंगात पायघोळ झगा तो ओपा, खांद्यावर छोटी शाल तशी मुर्सा. रंग मंडळागणिक वेगळा; गावकारांच्या मंडळाचा बहुधा लाल. मिरवणुकीत आणि मयतीत तो घालायचा. चर्चमधला दिवा तेलाविना विझू द्यायचा नाही, संताच्या फेस्ताचा खर्च करायचा, उपासाच्या दिवसांत ख्रिस्ताच्या यातनांची मिरवणूक काढायची, मेलेल्या बांधवाच्या आत्म्यासाठी मिस्सा म्हणवून घ्यायच्या. मंडळाकडं पैसा साठायचा, तो व्याजानं फिरायचा; गावकारालाच नव्हे, कधी गावकारीलाही मंडळ कर्ज द्यायचं. म्हणजे पतसंस्था, भजनी मंडळ आणि मर्तिक मंडळ, तिन्ही एकात. आमच्या गावात ही तीन कामं तीन वेगळी माणसं करतात आणि तिघांत बोलणं नसतं.

आता 1979 सालाकडं येतो. आबा आदल्या वर्षी निवृत्त होऊन गावी आले होते. मेस्तही त्याच सुमारास गोव्याला परतला होता. त्याचं कार्ड आलं: उपासाच्या दिवसांत ये, तुला आमची दिंडी दाखवतो. आबांनी मला बरोबर घेतलं. किर्लोस्करवाडीला गाडीत बसलो, मिरजेला मोठ्या रुळावरून छोट्या रुळावर आलो, लोंढ्यापुढं घाट उतरताना दूधसागर पाहिला, आणि मडगावला उतरलो. आबांच्या गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला फेटा. मेस्तच्या गल्लीत शिरलो तशी पोरं मागं लागली.

मेस्तनं आम्हांला एके सोमवारी बसनं गोंय वेल्ल्याला नेलं. हे जुनं गोवं नव्हे. त्याच्या दक्षिणेला, आगशीच्या वाटेवरचं गाव. तिथं सांत आंद्रेच्या चर्चमधून, उपासाच्या पाचव्या आठवड्यातल्या सोमवारी, सगळ्या संतांची मिरवणूक निघते. तीसेक पुरुषभर उंचीच्या मूर्ती, प्रत्येक मूर्ती माणसांच्या खांद्यावर. ही परंपरा सतराव्या शतकापासूनची, फ्रान्सिस्कन संन्याशांनी घालून दिलेली, पण चालवतात ती 'तिसऱ्या संघा'ची माणसं. पहिला संघ संन्याशांचा, दुसरा संन्यासिनींचा, तिसरा प्रपंचात राहून नेम पाळणाऱ्यांचा. पोर्तुगालच्या सरकारनं सगळे संन्यासी-संघ मोडीत काढले, गोव्यात तो हुकूम 1835 साली बजावला गेला, आणि मठ रिकामे झाले. संन्यासी गेले. मिरवणूक मात्र गावच्या चर्चच्या आणि प्रापंचिकांच्या अंगावर राहिली, आणि त्यांनी ती ठेवली.

हे मेस्तनं मोडक्या मराठीत समजावलं तेव्हा आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हैबतबाबानं आळंदीहून हेच केलं. संन्यासी न्हवता गडी, सरदार होता." आमच्या साताऱ्याकडच्या आरफळचे हैबतरावबाबा शिंद्यांच्या फौजेतले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी माउलींच्या पालखीला आजचं रूप दिलं: दिंड्यांचा क्रम, चोपदार, घोडे, तंबू, कुणी कुठं उभं राहायचं, कोणत्या मुक्कामी कोणता अभंग. अंकलीच्या शितोळ्यांचे घोडे आजही येतात. लष्करी शिस्तीत चालणारी प्रापंचिकांची फौज. वारकऱ्याला घर सोडायला कुणी सांगत नाही. माळ घाल, नेम पाळ, शेत कर. तिसरा संघ म्हणजे दुसरं काय?

त्या मिरवणुकीत एक गोष्ट मी पाहिली. मूर्ती जड. दर काही पावलांवर खांदेकरी बदलत होते. कुणी हाक मारत नव्हतं. शेजारचा माणूस नुसता खांदा पुढं करायचा, आधीचा हळूच सरकायचा, मूर्ती हलायची नाही. आबा ते न्याहाळत होते. पालखीच्या दांडीखाली हीच हातोटी लागते, आणि ती शिकवून येत नाही.

दुसऱ्या दिवशी मेस्तच्या गावात एका म्हाताऱ्या गावकाराची मयत निघाली. घंटा वाजली तशी शेतातली माणसं घरी आली, हातपाय धुऊन लाल मुर्सा चढवून, मेणबत्ती घेऊन चर्चपाशी हजर. दोन रांगा. पुढं क्रूस, मागं ग्वियांव. मी मेस्तला विचारलं, "तुम्ही नाही जाणार?"

तो म्हणाला, "आमचें न्हय तें." मग मराठीत, "लाल गावकारांचं. आमचं वेगळं आहे, निळं."

तेवढंच बोलला. बाकीचं मला नंतर समजलं. गोव्यात बाटले तरी जाती बाटल्या नाहीत. बामण, चार्दो, सुदीर हे भेद चर्चमध्येही राहिले. कित्येक गावांत वरच्या जातीची एक कोंफ्रारिया आणि बाकीच्यांची दुसरी. मोठ्या फेस्ताचा मान पहिलीचा, धाकट्या फेस्ताचा दुसरीचा. सुतार, न्हावी, रेंदेर यांना लाल मुर्सा मिळावा म्हणून अर्ज झाले, भांडणं झाली, प्रकरणं बिशपापर्यंत आणि न्यायालयापर्यंत गेली. कुंकळ्ळीचं उदाहरण तर सगळ्या गोव्याला ठाऊक आहे. 15 जुलै 1583 रोजी तिथल्या गावकारांनी पाच जेझुइट मारले. बदल्यात पोर्तुगिजांनी बोलणी करायला म्हणून गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची कत्तल केली. त्याच बारा वांगडींचे, म्हणजे बारा कुळांचे, वंशज पुढं ख्रिस्ती होऊन चर्चमधल्या कोंफ्रारियाचे मानकरी झाले, आणि गावकार नसलेल्यांनी फेस्तात वाटा मागितला तेव्हा तो त्यांनी सुखासुखी दिला नाही. आणि त्याच कुळांचे लोक, ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही, शांतादुर्गा कुंकळ्ळीकरणीच्या उत्सवात बारा छत्र्या नाचवत फातर्प्याहून कुंकळ्ळीला जातात. चर्चमध्ये ज्याला मुर्सा द्यायचा नाही तो गावचाच ख्रिस्ती. देवीच्या छत्रीखाली जो चालतो तो धर्मानं परका. मान कुळाचा, धर्म मागाहूनचा. हे पाहिलं की धर्मांतरानं काय बदलतं आणि काय बदलत नाही, याबद्दल बोलताना माणसानं आवाज जरा खाली ठेवावा.

आणि हे ऐकून आम्ही गोयंकरांना हसावं असं आमच्याकडंही काही नव्हतं. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराच्या बाहेर आहे. साने गुरुजींना विठोबाचं देऊळ उघडण्यासाठी 1947 च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावं लागलं. आमच्या कृष्णाकाठच्या गावांतून दिंडीत कोण कुठं चालायचं, पंगतीत कोण कुठं बसायचं, हे ठरलेलं असायचं आणि न सांगता कळायचं. ज्या गावात प्रतिसरकारनं सावकाराला ठेचलं, दारूच्या भट्ट्या मोडल्या, बापूंनी 1945 साली स्वतःचं लग्न गांधी पद्धतीनं लावून दाखवलं, तिथल्या भागातही मेल्यावर जळायची जागा वेगवेगळीच राहिली. आबा रांग सरळ करणारे गृहस्थ. पण रांगेत कोण नाही हे विचारायला ते गोव्याहून परतल्यावर शिकले असं मला वाटतं. त्यांनी तसं कधी म्हटलं नाही. मात्र त्या आषाढीपासून ते आमच्या दिंडीत विण्यामागं चालायचे सोडून शेवटच्या ओळीत चालू लागले. विचारलं तर म्हणायचे, "फुडं धूळ लई उडती." धूळ मागं उडते, हे कुणालाही माहीत आहे.

1986 च्या पावसाळ्यात मेस्त गेला. तार आली तेव्हा आबा सहासष्टचे. मी सोबत गेलो. पोचलो तेव्हा पेटी घरातच होती. आम्ही येणार म्हणून मयत दुपारपर्यंत थांबवली होती.

मेस्तनं कुडाचा अध्यक्ष असताना त्या गावातल्या अनेकांना जहाज मिळवून दिलं होतं. गावकारांची पोरंसुद्धा मुंबईत पहिल्या रात्री त्याच्याच शब्दावर चटई टाकून झोपली होती. धोबीतलावच्या कुडात गावकार आणि सुतार यांची चटई शेजारी असायची, कारण जागाच तेवढी होती. गावी आल्यावर मात्र लाल आणि निळं. नियम असा की लाल मुर्सावाले बांधव फक्त आपल्या मंडळाच्या मयतीला जातात. मेस्तच्या थोरल्या मुलाला वाटत होतं की त्यांनी यावं. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची सोयही नव्हती. आतल्या खोलीत बायका बोलत होत्या तेवढ्यावरून आम्हांला समजलं.

घंटा वाजली. निळ्या मुर्साची मंडळी दोन रांगांत उभी राहिली. पाऊस रिपरिपत होता. पेटी उचलायची वेळ झाली तेव्हा फाटकातून सात-आठ माणसं आत आली. साधे पांढरे सदरे, हातात छत्र्या. मी त्यांतल्या दोघांना 1979 च्या त्या मयतीत लाल मुर्सात पाहिलं होतं. मुर्सा ते घरी ठेवून आले होते. मुर्सा घालून आले असते तर नियम मोडला असता आणि मंडळात जाब द्यावा लागला असता. नुसत्या सदऱ्यावर आलेल्या माणसाला कोण अडवणार? ते कुडातले जुने सोबती म्हणून आले. काही न बोलता एकानं छत्री मिटली, भिंतीला टेकवली आणि खांदा पुढं केला. निळ्यातला एक सरकला.

थोड्या वेळानं मेस्तच्या मुलानं आबांकडं पाहिलं. आबा माळकरी, ख्रिस्ती मयतीत खांदा द्यायचा की नाही हा विचार त्यांच्या मनात आला असेल तर मला दिसला नाही. त्यांनी फेटा काढून माझ्याकडं दिला आणि ते पेटीखाली शिरले. चर्चच्या पायऱ्यांपर्यंत त्यांनी खांदा सोडला नाही.

त्या सात-आठ जणांना नंतर मंडळात कुणी काही बोललं का, हे मी मेस्तच्या मुलाला पुढं विचारलं. तो म्हणाला, "बोलले. चार महिने बोलत होते." गावकारांतल्याच एका जुन्या माणसानं सभेत विषय काढला की मुर्सा काढून गेलं म्हणजे गावकारपण काढून गेलं का? त्यावर उत्तर मिळालं नाही. ठराव झाला नाही. नियम होता तसाच राहिला, आणि पुढच्या वेळी पुन्हा काही जण मुर्सा न घालता गेले. खेड्यात नियम असाच बदलतो. लिहिलेला तसाच राहतो आणि माणसं त्याच्या कडेनं वाट पाडतात.

वसईचं थोडं सांगितलं पाहिजे, कारण तिथले ख्रिस्ती मराठी बोलणारे आणि आमचा त्यांच्याशी इतिहासात वेगळाच संबंध. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. परदेशी पाद्री निघून गेले, किल्ल्यातली मंडळं आणि मठ संपले, गोव्याहून आलेले थोडे देशी पाद्री मागं राहिले. चर्च मोजकी, अंतरं मोठी. अशा वेळी प्रार्थना घरात टिकली: म्हातारी माणसं सांजवेळी पोरांना बसवून म्हणून घेत. संस्था मोडली की भक्ती कुणाच्या ओसरीवर जाऊन बसते ते वसईत दिसतं. पुढं 1833 साली पॅरिसमध्ये ओझानाम नावाच्या विद्यार्थ्यानं मित्रांना घेऊन सुरू केलेलं सेंट व्हिन्सेंट द पॉल मंडळ तिथंही आलं. हे मंडळ मुर्साचं नव्हे. गरिबाच्या घरी स्वतः जाऊन बसायचं, शिधा द्यायचा आणि त्याचा गवगवा करायचा नाही, एवढंच काम.

गोव्यातल्या कोंफ्रारियांचा जोर 1961 नंतर ओसरत गेला. कूळकायद्यानं जमिनी कुळांकडं गेल्या, गावकारीचं उत्पन्न आटलं, जोण नावापुरती उरली. रोममधल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1965 पासून पुढं, प्रापंचिकांना चर्चच्या कारभारात नवी जागा मिळाली, उपासना कोंकणीत-मराठीत होऊ लागली, आणि कुळानं मिळणाऱ्या मानाला पाद्रीच प्रश्न विचारू लागले. बऱ्याच गावांत फेस्त आता सगळ्यांना वाटून देतात. काही गावांत अजून नाही, आणि तिथं फेस्ताच्या दिवशी पोलिसांची गाडी उभी असते.

मेस्तच्या गावात दोन्ही मंडळं आज आहेत. लालवाल्यांना खांदेकरी मिळत नाहीत. पोरं आखातात, नाहीतर पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात, स्विंडनला. निळ्यांचीही तीच गत. परवा मेस्तच्या नातवाशी फोनवर बोललो. तो स्विंडनलाच असतो. तो म्हणाला की आता मयत असली की ज्याला वेळ असेल तो येतो, लाल काय नि निळं काय, पेटीला सहा माणसं तर लागतातच. वर्गणी मात्र तो दरवर्षी पाठवतो, दोन्ही मंडळांना. लालवाल्यांनी त्याची पावती फाडायला सुरुवातीला खळखळ केली. मग खजिनदारानं तोडगा काढला: पावतीवर 'देणगी' असं लिहितात, 'वर्गणी' लिहीत नाहीत. नातू म्हणाला, "लिहू देत. मी पाठवतो वर्गणीच."

आमच्या गावच्या लालबागच्या खोलीचं काय झालं, असं त्यानं मला विचारलं. मी सांगितलं, 1982 च्या संपानंतर माणसं एकेक करून गावी आली. पखवाज आमच्या देवळात आहे. त्याची शाई उडाली आहे, पण कातडं चांगलं आहे. भरून घ्यायला तो या वारीआधी पंढरपूरला पाठवलाय.